ट्रक जाईपर्यंत

ट्रक मध्ये आला म्हणून आक्कांचं वाक्य कधी वाया गेलं नाही. आमच्या दोघींच्या घरांच्या मधून रस्ता जायचा आणि घरांच्या शेजारीच ओढ्यावरचा जुना दगडी पूल होता. त्या त्यांच्या पायरीवर बसायच्या, मी माझ्या. बोलणं रस्त्यावरून चालायचं. वाक्य निम्म्यात आलं आणि पुलावर ट्रक चढला, की आक्का उजव्या हाताचं बोट वर करायच्या, ओठ मिटून घ्यायच्या आणि ट्रक जाईपर्यंत तशाच बसायच्या. ट्रक गेला की बोट खाली यायचं आणि वाक्य जिथं सोडलेलं असे तिथून पुढं सुरू व्हायचं. उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असायच्या, तेव्हा बोट जरा जास्त वेळ वर राहायचं, एवढाच फरक.

सगळा रस्ता त्यांना आक्का म्हणायचा. त्यांचं माहेर सीमेजवळचं, त्यामुळं बोलण्यात कानडी नाती सहज येत. मला त्या ‘तंगी’ म्हणायच्या. तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी शाळेच्या ग्रंथालयात होते, त्यामुळं बाकी सगळ्यांची मी ‘बाई’. तंगी एकट्या आक्कांची. दुसऱ्या कुणाला त्या तंगी म्हणतात का, याकडं माझं बारीक लक्ष असायचं. त्या म्हणत नसत. हे मला फार दिवस पुरलं.

त्यांच्या पुढच्या खोलीत मिरची कांडपाचं यंत्र होतं. उन्हाळा लागला की पेठेतल्या बायका मिरच्यांची पोती घेऊन यायच्या आणि अख्खा रस्ता शिंकायचा. पुलावर अडकलेले ड्रायव्हर शिंकत हॉर्न वाजवायचे. आक्का आतून ओरडायच्या, “ओ पावणं, हॉर्न घरात ठिवून यायचा की.” ते दिवस मला आवडत नसत. एरवी आक्कांचं बोलणं रस्ता ओलांडून माझ्याकडं यायचं. त्या दोन महिन्यांत ते त्या खोलीतच संपायचं. आतून हसणं ऐकू यायचं. मी पायरीवर पुस्तक उघडून बसायचे आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचायचे. मला चटणी वर्षाची एकदम लागत नाही, तरी एकदा मीही मिरच्या घेऊन गेले होते. आक्का म्हणाल्या, “तुला कशाला गं रांगेत? ठिव तितं, पाठवून देतो.” त्यांनी मान दिला. मला रांग हवी होती.

एकदा पुलावर दोन ट्रक समोरासमोर आले आणि कुणीच मागं हटेना. आक्का नुकत्याच म्हणाल्या होत्या, “तंगी, तुझ्या...” आणि बोट वर गेलं. मागं गाड्यांची रांग लागली, लोक उतरून भांडायला लागले, कुणीतरी चहा मागवला. ट्रकांमधल्या फटीतून मला बोट दिसत होतं, वर. माझा भात गॅसवर होता, तरी मी हलले नाही. दिवेलागणीला वाट मोकळी झाली तेव्हा बोट खाली आलं आणि आक्का म्हणाल्या, “...तुझ्या वाळत घातलेल्या लुगड्यावर कावळा बसलाय.” कावळा केव्हाच जाऊन त्याच्या घरी जेवलाही असेल. त्याचं काम त्यानं करून ठेवलं होतं. भातही करपला होता.

माझ्या पुस्तकांचा त्यांना राग यायचा. “मी जित्ती हितं बोलतोय आन् तू त्या पुस्तकातल्या मेलेल्यांचं ऐकत बसलीस,” असं त्या म्हणायच्या. मी पुस्तक मिटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते पाहायला म्हणून मी कित्येकदा मुद्दाम पुस्तक उघडून बसत असे.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. रस्ता वाढणार आणि जुना पूल पाडून तिथं मोठा पूल होणार, हे आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की त्याची भीती वाटेनाशी झाली होती. या वेळी मात्र माणसं टेप घेऊन आली. पुलापाशी रस्त्याला जे वळण होतं ते काढून टाकायचं होतं, म्हणून नवा पूल जुन्याच्या शेजारी, आक्कांच्या बाजूनं सरकणार होता. त्यांच्या भिंतीवर लाल रंगाच्या खुणा पडल्या. माझी भिंत कोरी राहिली. लोक मला म्हणाले, बाई, नशीब काढलंत, घर वाचलं आणि समोर मोठा रस्ता आला. आक्का पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, “बघ, माझ्या घराला कुंकू लावलं. तुझं बसलंय तसंच पांढरं.” आणि एकट्याच हसल्या.

त्यांचा मुलगा बसवराज कारखान्यात होता. त्यानं उचगावात घर घेतलं. सामानाचा टेम्पो भरला, कांडपाचं यंत्र चार जणांनी उचलून चढवलं. आक्का शेवटी बाहेर आल्या आणि गाडीत बसायच्या आधी रस्त्यापलीकडून म्हणाल्या, “तंगी, येक सांगायचं ऱ्हायलं...” तेवढ्यात डबल ट्रॉली आली. बोट वर. मी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभी होते. ट्रॉली गेली. “...त्या दारातल्या कुंड्या आत घे. डंपरवाली मेली उडवून टाकत्याल.” मग त्या बसल्या. मी कुंड्या आत घेतल्या.

नंतर पोकलेन आलं. आक्कांचं घर पाडायला एक सकाळ पुरली. जुना पूल मात्र बरेच दिवस दाद देत नव्हता. त्याचे दगड एकमेकांना धरून बसले होते.

उचगाव काही लांब नाही, पण मला जायला बरेच दिवस लागले. ज्या गल्लीत त्या राहायला गेल्या होत्या तिथं मोटारसायकलसुद्धा क्वचित यायची. मी दाराशी पोचले तोच आतून आवाज आला, “तंगी, च्या टाक की गं.” मला वाटलं, खिडकीतून मला पाहिलं. चप्पल काढून मी हसत आत गेले. आक्का पाठमोऱ्या बसल्या होत्या. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत एक बाई उभी होती, पन्नाशीची, ठसठशीत, दुसऱ्याच्या घरात आपलं घर असल्यासारखी. समोरच्या घरातली शेजारीण. तिनं मला साखर किती असं विचारलं. आक्कांच्या घरात मला माझी साखर सांगावी लागली. त्या बाईचं नाव मंगल, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण मी मनात तिला नेहमी ‘उचगावची’ म्हणत राहिले.

पुढच्या खेपेला बसवराजनं मला बाजूला घेतलं. आईचं काहीतरी बिनसलंय, म्हणाला. बोलता बोलता मध्येच थांबते, शून्यात बघते, मग पुढं बोलते. मेंदूच्या डॉक्टरांकडं नेऊन आणलं होतं. डॉक्टरांनी आक्कांना वार विचारला, पंतप्रधान विचारले, उलटे आकडे म्हणायला लावले. आक्कांनी सगळं बरोबर सांगितलं आणि वर डॉक्टरांनाच विचारलं की ही शाळा कितवीपर्यंत हाय. तपासणीत काही निघालं नाही. तरी मुलाच्या जिवाला घोर लागला होता. उचगावची म्हणाली, “बघा बाई, आत्ता हुईल.” आक्का जावेच्या नातीचं लग्न सांगत होत्या. नवऱ्या मुलाच्या नोकरीपर्यंत आल्या आणि थांबल्या. ओठ मिटले. गल्लीत कुठं काही नव्हतं, शेजारच्या कुकरची शिटीसुद्धा नाही. मांडीवर ठेवलेल्या हाताचं बोट किंचित उचललं गेलं होतं. उचगावचीनं हळूच शब्द पुरवला, “बँकेत?” आक्कांनी तिच्याकडं रागानं पाहिलं. आणि थोड्या वेळानं, बरोबर एक ट्रक जाईल एवढ्या वेळानं, त्या म्हणाल्या, “...बँकेत हाय म्हणं.”

बसवराजला मी परत जाताना बसथांब्यावर सांगितलं की तुझी आई ट्रक जाऊ देते आहे. तो माझ्याकडं बघत राहिला, मग हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. डॉक्टरांच्या फेऱ्या थांबल्या. शेजारणीला सांगायचं त्याला सुचलं नाही. मीही सुचवलं नाही. एवढी एक गोष्ट माझी होती. बसमध्ये मला फार बरं वाटत होतं.

गेल्या थंडीत आक्का गेल्या. साधा ताप आला आणि दोन दिवसांत आटोपलं. मी पोचले तेव्हा, त्यांच्यात मयताला बसवतात तसं, त्यांना खुर्चीत बसवलं होतं. कुणीतरी म्हणालं, विभूतीची डबी कुठं आहे? मी उठणार होते. पण मला ठाऊक नव्हतं. उचगावची काही न विचारता आत गेली आणि डबी घेऊन आली. आक्कांच्या कपाळावर तिनंच बोटं ओढली. आयुष्यभर मी आक्कांना समोरून पाहिलं. त्यांच्या घरातलं कुठलं फडताळ कुठं उघडतं हे मला कधी बघावं लागलं नव्हतं. त्या दिवशी मी रडले नाही, याचं लोकांना नवल वाटलं असेल. मी तिच्या हाताकडं पाहत होते.

महिन्याभरानं ती माझ्या दारात आली. आक्कांनी शेवटची कांडलेली चटणी तिनं एका डब्यातून आणली होती. तिला आक्कांचं जुनं घर कुठं होतं ते बघायचं होतं. घर म्हणजे आता रस्ताच. चार पदरी, मध्ये दुभाजक, दुभाजकात धुळीनं माखलेली झुडपं, आणि पलीकडं नव्या पुलाचा सिमेंटचा कठडा. मी तिला पायरीवर बसवलं. चहा केला. साखर विचारली नाही, अंदाजानंच घातली, आणि ती फार झाली असावी, पण तिनं तो प्याला.

ती म्हणाली, “बाई, मी आधी त्यास्नी शब्द पुरवायचे. मग सोडून दिलं. त्या थांबल्या की मी पण गप बसायचे. त्यांचं बोलणं आपलं आपण यायचं. का थांबत्यात म्हणून मी कधी इचारलं न्हाय. थांबू दे की, म्हटलं.”

माझ्या वेळी निदान समोरून ट्रक जात असे. थांबण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. हिच्या गल्लीत काहीच जात नव्हतं, आणि तरी ही थांबली होती. विभूतीच्या डबीपेक्षाही हे मला जास्त लागलं.

विषय बदलावा म्हणून मी रस्त्याकडं हात केला. “तो निळा फलक दिसतो ना, त्याच्या बरोबर खाली त्यांचं कांडपाचं...” पुलावरून डंपर आला. नव्या रस्त्यावर गाड्या जोरात येतात. धूळ आणि आवाज एकदमच आला. मी थांबले. डंपर गेला.

“...यंत्र होतं,” मी म्हणाले.

मंगल माझ्याकडं पाहत होती. तोंडाकडं नाही, हाताकडं. मी खाली पाहिलं. माझं बोट वर होतं. मला ते उचलल्याचं कळलंही नव्हतं. मी कधी असं बोट वर करत नसे. ते आक्कांचं काम होतं, मी फक्त वाट पाहायचे.

तिनं चहाचा कप पायरीवर ठेवला. बराच वेळ ती रस्त्याकडं, पुलाकडं, जिथं घर नव्हतं त्या जागेकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ती विचारेल, आणि मग मला सगळं सांगावं लागेल, माझ्याकडं काही उरणार नाही.

तिनं विचारलं नाही. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “बाई, परत येकदा थांबा की.”

“ट्रक येऊ दे,” मी म्हणाले.

मी सरकून तिला पायरीवर जरा जागा करून दिली. मग आम्ही दोघी पुलाकडं तोंड करून बसलो.