चव्वेचाळीस, कमी

अग्रहारातल्या गुंडुरावांच्या दुकानात बोलण्यापेक्षा मोजणं जास्त ऐकू यायचं. जळलेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं भरायचं त्यांचं काम. तार गुंडाळताना ते मोठ्यानं वेढे मोजत, आणि दर दहाला नाकातून एक हुंकार: "एकोणतीस... तीस, हं!" मध्येच कोणी आलं तरी आकडा सुटायचा नाही. "बत्तीस, बसा, तेहतीस, कॉफी घेणार? चौतीस." आजा-पणजांनी कापडावर ठसे मोजून मारले, यांनी तार मोजली. मोजणं काही घरातून गेलं नाही.

पण यंदा त्यांनी भरलेल्या दोन मोटरी महिन्याभरात जळून परत आल्या. साठी उलटली, डोळे गेले, असं गल्ली म्हणू लागली. गिऱ्हाइकं एकेक करून चौकातल्या नव्या वर्कशॉपकडे वळली. उरले फक्त वेंकोजीराव. वरुण्याकडच्या एका गावात ते पाण्याचा पंप चालवत, आणि खरं ना, असं विचारल्यासारखं प्रत्येक वाक्याला 'अल्वा'चं शेपूट लावत.

"पंचायतीतले म्हणाले, पंपाची मोटर जळली, तर नव्या वर्कशॉपात टाका. मी म्हटलं, आमचे गुंडुरावमामा आहेत, अल्वा? पण ही जळली तर मला तिथं तोंड उघडता येणार नाही, अल्वा?"

ही जळली तर आपल्यालाही दुकान उघडायला कारण उरणार नाही, हे गुंडुरावांना कोणी सांगावं लागलं नाही.

मोटर परदेशी, आजोबांच्या वयाची. नावाची पट्टी कधीच उडालेली. त्यांनी जळकी तार कापून काढली, एका कॉइलचे वेढे मोजले आणि आकडा खडूनं भिंतीवर लिहिला. वही त्यांनी जन्मात ठेवली नाही, आकडे डोक्यातही नाहीत. "वही हरवते, भिंत कुठं जाते?" म्हणायचे.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी दुकान धुवायचं, हत्यारांना कुंकू लावायचं, दोऱ्यानं बांधून देवीपुढं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. यंदा देवीला डोळ्यांसाठी साकडं घालायचं होतं, म्हणून गुंडुरावांनी जरा जास्तच भक्तीनं धुतलं. जळकी तार भंगारात दिली, तिच्याबरोबर नमुन्याला टांगलेली कॉइलही गेली. ओलं फडकं घेऊन भिंत वरपासून खालपर्यंत पुसली, तिच्यावर कुंकवाची बोटं ओढली आणि डोळे मिटून हात जोडले.

विजयादशमीला सकाळी दोरा सोडला, चिमटा उचलला आणि भिंतीकडे वळले.

भिंत लख्ख होती.

"भानू!"

भानुमती पिठाच्या हातानं धावत आली. "अय्यो, काय झालं हो? शॉक बसला?"

"आकडा गेला. भिंतीवरचा."

तिनं भिंत पाहिली, कुंकू पाहिलं, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं. कोणी पुसला, हे विचारायची गरज राहिली नाही.

"सुम्ने गप्प बसू नका. मोजत होता तेव्हा मी आतच होते की. सगळं ऐकू येतं." आणि मान ताणून, नाकातून, हुबेहूब नवऱ्याच्या आवाजात: "'एकोणचाळीस... चाळीस, हं! एक्केचाळीस... तार तुटली मेली!' असं म्हणालात."

"मग?"

"मग मी मिक्सर लावला."

"किती वेळ?"

"चटणीपुरता."

"चटणीपुरता म्हणजे किती वेढे, भानू?"

शेवटी गुंडुरावांनी अंदाजानं चव्वेचाळीस धरले. दोन दिवस खाली मान घालून भरत राहिले. या वेळी मोजणं ऐकू आलं नाही. मनातल्या मनात मोजत होते, जणू कोणी ऐकेल.

तिसऱ्या दिवशी वेंकोजीराव टेंपो घेऊन हजर. बटण दाबलं. मोटर फिरली, आवाजही गोड.

"चालते की मामा! पाच दिवस टँकरवर आहे गाव. बायका घागरी घेऊन माझ्या दारात बसल्यात. चढवतो, अल्वा?"

गुंडुराव करंट दाखवणाऱ्या मीटरचा काटा बघत होते. मोटरीवर कसलाच भार नव्हता, तरी काटा वर चढलेला. त्यांनी तिच्या अंगावर तळवा ठेवला. थोड्या वेळानं तो तिथं ठेववेना, इतकी ती तापली. वेढे कमी पडले होते. सगळं काढून पुन्हा भरायचं म्हटलं तरी आकडा पुन्हा अंदाजाचाच. दिवाळीपर्यंत कदाचित चालली असती. दिवाळीपर्यंत दुकानही चाललं असतं.

"चढव," ते म्हणाले. "पण गावाला नेऊ नकोस. नव्या वर्कशॉपात ने."

"चेष्टा करता, अल्वा?"

"आकडा मी पुसला. पूजेच्या दिवशी, याच हातानं. पाणी ओढायला लागली की ही आज ना उद्या जळेल."

वेंकोजीराव टेंपोकडं जाता जाता मागं फिरले. "मामा, मी पंचायतीला काय सांगू?" म्हणाले. पुढं 'अल्वा' नव्हतं.

"सांग, म्हाताऱ्याचं चुकलं. आणि वर्कशॉपवाल्यांना सांग, चव्वेचाळीस कमी पडतात. तिथून वर बघा."

टेंपो वळणाआड गेला. गुंडुरावांनी खडू घेतला आणि कुंकवाशेजारी लिहिलं: ४४, कमी.

"आता कशाला लिहिता हो?" भानुमती दारातून म्हणाली. मग तिलाच राहवलं नाही. "पुढच्या आयुधपूजेला भिंत मी पुसणार. तुम्ही हात लावायचा नाही."

"पुढच्या?" गुंडुराव म्हणाले.

ती आत गेली. मिक्सर लागला. चटणी होऊन गेली असेल, तरी बराच वेळ तो बंद झाला नाही.