पूर्ण शर्ट

एकोणीस वर्षांत तिच्या हाताखालून लाखभर शर्ट तरी गेले असतील, पण अख्खा शर्ट असा तिने एकही शिवला नव्हता. ती कॉलर शिवायची. फक्त कॉलर. कापलेल्या तुकड्यांचं बंडल उजव्या हाताला यायचं. ती आत बकरमचं कडक कापड घालून टीप मारायची, टोकं उलटवायची, वरून दाबटीप द्यायची, खाली पट्टी बसवायची आणि तयार झालेली कॉलर डाव्या हाताला ठेवून द्यायची. तिथे बसणारी बाई ती उचलून शर्टाच्या गळ्याला जोडायची. उजवीकडून घ्यायचं, डावीकडे ठेवायचं. मान वळवायचीसुद्धा गरज नव्हती.

तिच्या कॉलरच्या टोकांची कारखान्यात थट्टा चालायची. "हिच्या कॉलरनं भाजी चिरता येईल," डावीकडची म्हणायची. "घालणाऱ्याचा गळा कापला गेला तर पोलीस आधी हिलाच धरतील."

दर नगावर होता. एकोणीस वर्षांत तो दोनदा वाढला. घरभाडं दर वर्षी वाढलं.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची कॉट, आतल्या खोलीत ओटा, मोरी आणि नवरा-बायकोचं अंथरूण. नवरा एका गोदामावर पहारेकरी होता. वर्षापूर्वी तिथे कॅमेरे बसले आणि त्याच्या पाळ्या निम्म्यावर आल्या. "माझ्या जागी चार डोळे ठेवलेत," तो हसत सांगायचा, "आणि एकालाही चहा लागत नाही." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. आता तो एकटाच हसायचा.

घरमालक जिना चढून आला तो या महिन्याच्या सुरुवातीला. पाणीसुद्धा न घेता त्याने सांगून टाकलं: पुढच्या पहिल्या तारखेपासून नवं भाडं, जमत नसेल तर खोल्या रिकाम्या करा. नवा आकडा ऐकून सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "मजला चौथा केलास की काय रे?"

जमत नसेल तर कुठे जायचं, हे वेगळं बोलायची गरज नव्हती. दिराच्या घरामागे एक खोली होती. मागे इथली छतगळती दुरुस्त करायची होती, तेव्हा महिनाभर तिघं तिथे राहिले होते. जाऊ तोंडाने एक शब्द वाकडा बोलली नव्हती. तिने फक्त किती झिजते ते कळावं म्हणून साबणाच्या वडीवर नखाने रेघ ओढून ठेवली होती. रोज सकाळी रेघ नवी असायची. तिथे पुन्हा जायचं नाही, एवढं एकच हिने त्या रात्री ठरवलं. बाकी काही ठरवण्यासारखं हातात नव्हतं.

नव्या कारखान्याची बातमी डावीकडच्या बाईनेच आणली. "गावाबाहेरच्या रस्त्यावर काढलाय. भारी माल शिवतात म्हणे. तिकडे असं तुकड्यातुकड्यांचं काम नाही. एकेक जण अख्खा शर्ट शिवतो. नगावर नाही, महिन्याचा पगार. आपल्याला पडतं त्याच्या दीडपट!"

"वय किती पाहिजे?"

"वय विचारत नाहीत. शर्ट मागतात. या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ट्रायल आहे. पण तुला काय करायचंय? तू जाऊन कॉलर दाखवणार?"

दीडपट. नवं भाडं त्यात बसत होतं, वर सासूबाईंच्या गोळ्याही बसत होत्या. हाताशी होते अठरा दिवस.

तळमजल्यावर टेलरकाका राहायचे. दुकान बंद करून त्यांना सहा वर्षं झाली होती. मशीन घरात चादरीखाली झाकलेलं होतं आणि त्यावर औषधांच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. तिने विचारल्यावर त्यांनी आधी तिच्याकडे, मग मशीनकडे बघितलं आणि एकेक बाटली उचलून खिडकीत ठेवायला सुरुवात केली.

"अठरा दिवसांत शर्ट? मला तीन वर्षं लागली होती."

"तुम्हाला घरमालक नव्हता, काका."

"बाप होता. तो जास्त वाईट," ते म्हणाले. "चल, बस."

रोज कामावरून आल्यावर ती तासदोन तास काकांकडे बसायची. कापड म्हणून घरातल्या जुन्या चादरी फाडल्या. खांदे, मग बाह्या, बाही जोडतात त्या मुंढ्याची गोलाई, कफ, समोरची पट्टी, खालची दुमड. मुंढ्याने तिला रडवलं. सरळ टीप मारणारा हात गोलाईवर जाताच कापडाला चुण्या पडायच्या. काका शिलाई उसवून पुन्हा हातात द्यायचे. दहाव्या दिवशी चुणी गेली.

कॉलरपाशी आल्यावर मात्र काकांनी पहिल्याच दिवशी हात जोडले होते. "ते राहू दे. ते तू मला शिकवशील. आणि बसवायचं म्हणशील तर गळ्याला पट्टी धरून एक टीप मारायची, त्यात काय? कापड थोडं, वेळ त्याहून थोडा. जे येत नाही ते कर."

तिलाही पटलं. अठरा दिवसांत अकरा शर्ट झाले, सगळे बिनकॉलरचे. नवरा ते घरात घालायचा. "दवाखान्यातून पळून आल्यासारखा दिसतोयस," सासूबाई त्याला म्हणायच्या. शेवटचा शर्ट बरोबर दोन तासांत झाला. तिने खालची दुमड संपवली, धागे कापले, शर्टाची घडी घातली आणि काकांच्या हातात दिली. त्यांनी उलटसुलट करून बघितला. "झाला शर्ट," ते म्हणाले.

सोमवारी तिने दाढ दुखते म्हणून सुट्टी टाकली.

नव्या कारखान्याची खोली लांबलचक आणि पांढऱ्या उजेडाची होती. पंखे आवाज न करता फिरत होते. ट्रायलला चौदाजण आले होते. मास्तर चाळिशीचा, कानामागे खडू लावलेला. त्याने प्रत्येकापुढे फिकट निळ्या कापडाचे कापलेले तुकडे ठेवले. "कॉलर आधी शिवा, मागाहून शिवा, तुमची मर्जी. काज-बटणं आमच्याकडे. मला दोन तासांनी शर्ट पाहिजे. एकदा माझ्या हातात दिलात की दिलात. परत मागायचा नाही."

तिने कॉलर आधी घेतली. हाताच्या सवयीचं तेच आधी, म्हणजे पुढचं सुरळीत होईल. झालंही तसंच. नऊ मिनिटांत कॉलर तयार झाली, दोन्ही टोकं एकसारखी. तिने ती ठेवली आणि खांद्याचे तुकडे ओढले.

उजवीकडे एक चष्मेवाली बसली होती. तिची कॉलर उलटत नव्हती, टोक आत गोळा होऊन बसलं होतं. कात्रीच्या अणीने टोचून टोचून ती ते फाडायच्या बेतात होती. हिला बघवलं नाही. वाकून हळूच म्हणाली, "कात्री नको. टोकात दोरा अडकवा आणि दोरा ओढा. असा." टोक टचकन बाहेर आलं. "देवासारख्या भेटलात हो," चष्मेवाली कुजबुजली.

मग तिने इकडेतिकडे बघितलं नाही. खांदे बसले. मुंढे बसले, एक चुणी नाही. कफ झाले. खालची दुमड मारताना तिने घड्याळाकडे बघितलं. अजून दहा मिनिटं होती. तिने धागे कापले. शर्ट झटकला, घरी घालायची तशीच घडी घातली आणि सगळ्यांच्या आधी उठून मास्तरच्या हातात दिला.

मास्तरने घडी मोडली. बाही ओढून बघितली, मुंढ्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. मग शर्ट फिरवला आणि थांबला.

"कॉलर?"

तिला वाटलं, तो कौतुक करतोय. इतकी वर्षं सगळ्यांनी कौतुक केलं होतं ते कॉलरचंच. ती हसून म्हणाली, "आवडली का?"

"आवडायला ती आहे कुठे, बाई?"

ती वळली. कॉलर तिच्या मशीनच्या डाव्या बाजूला, टेबलाच्या अगदी कडेला, दोन्ही टोकं एका रेषेत करून ठेवलेली होती. कोणीतरी उचलावी म्हणून. डावीकडे कोणीच बसलेलं नव्हतं. तिथे नुसती येण्याजाण्याची वाट होती.

"पाच मिनिटं द्या, मास्तर. एका टिपेचं काम आहे. वेळ अजून संपली नाही."

"वेळ संपली नाही, पण तुम्ही शर्ट दिलात. मी सुरुवातीलाच सांगितलं होतं."

"चुकून राहिली हो."

"कॉलर कधी चुकून राहते?" मागून कोणीतरी फिसकन हसलं. मास्तर हसला नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. त्याने जाऊन कॉलर उचलली, टोक अंगठ्यावर दाबून बघितलं, उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"फक्त हेच?"

तिने मान हलवली. त्याने शर्ट आणि कॉलर तिथल्या एका कामगार मुलीकडे दिले. तिने चार मिनिटांत कॉलर जोडली आणि शर्ट चांगल्या मालाच्या ढिगावर ठेवला. आता तो अखेरच्या टिपेपर्यंत पूर्ण शर्ट होता आणि विकलाही जाणार होता.

"मागे दुसरी शेड आहे," मास्तर म्हणाला. "साधा माल. तिथे लाइनीत काम चालतं, नगावर. कॉलरला चांगला हात मिळत नाहीये. बसता का?" त्याने दर सांगितला. तिच्या जुन्या दरापेक्षा तो किंचित बरा होता.

तिने तिथल्या तिथे मनात मांडून बघितलं. आठवड्याचे सहा दिवस बसून भाडं निघत नव्हतं. जावेच्या मोरीतला साबण डोळ्यांपुढे आला.

"रविवारी चालू असतं?"

"असतं. पण जादा काही नाही, नेहमीचाच दर."

"बसते," ती म्हणाली.

बाहेर पडताना चष्मेवालीने तिचा हात धरला. तिचा शर्ट वेळेत आणि कॉलरसकट झाला होता; मशीनवरून मान वर न केल्याने बाकी काही तिच्या कानावर गेलं नव्हतं. "माझं झालं हो, ताई! तुमच्यामुळे टोक निघालं, नाहीतर मी घरीच जाणार होते. तुमचंही झालं ना?"

"झालं," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

तळमजल्यावर काका दार उघडं टाकून बसले होते. "काय गं?"

"लागले, काका."

"मी म्हणत नव्हतो? मुंढा बसला?"

"एक चुणी नाही."

"आणि कॉलर बघून तर गार पडले असतील."

"हो," ती म्हणाली. "कॉलर आवडली त्यांना." काकांचा चेहरा इतका उजळला की तिला जिना चढवेना. दोन मिनिटं ती तिथेच उभी राहिली आणि मुंढ्याबद्दल ते जे जे विचारत गेले ते ते सांगत गेली.

वर नवऱ्याने बातमी ऐकल्या ऐकल्या घरमालकाला फोन केला. आवाज जरा चढवूनच केला. खोल्या सोडत नाही, नवं भाडं देऊ म्हणाला, आणि फोन ठेवून कॉटवर ऐसपैस बसला. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "महिन्याचा पगार ना गं? अख्ख्या शर्टाचा?" दोन्ही वेळा ती हो म्हणाली.

"मग आता मला एक माणसासारखा शर्ट शिव," नवरा म्हणाला. "हे दवाखान्याचे कपडे पुरे झाले. येत्या रविवारी बस निवांत."

"रविवारी कामावर जायचंय."

"रविवारी? महिन्याच्या पगारवाल्यांना सुट्टी नसते?"

सासूबाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती आत ओट्याकडे जाऊन पातेलं घासू लागली.

"ऑर्डर आहे मोठी," ती म्हणाली.

"किती दिवसांची?"

पातेलं स्वच्छ झालं होतं. तिने ते पुन्हा घासायला घेतलं. "बरीच मोठी आहे."