अठरा तारीख

बुधाजी समोर आला की हल्ली माझं डोकं चालेनासं होतं. अकोटहून दोन एसट्या बदलल्या की सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं उपकेंद्र लागतं. मी तिथली नर्स. बुधाजी वरच्या कोरकू वस्तीवरचा. सरळ माणूस, आणि तारखेचा इतका पक्का की राग यावा.

हे वळण त्याला कोर्टाने लावलं. जंगलातून घराच्या वाशासाठी सागाची एक बल्ली आणल्याची केस अकरा वर्षं चालली. एकदा तो तारखेच्या आदल्या दिवशी गेला, तर शिपायाने हाकलून दिलं. एकदा एक दिवस उशिरा गेला, तर वॉरंट निघालं.

त्याची लेक करिश्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी तिच्या कार्डावर लिहिलं, 'तारीख १८'. वाचूनही दाखवलं. आणखी काय सांगायचं असतं?

बारा तारखेला मी लसीकरणासाठी वर गेले, तर करिश्मा खाटेची कड धरून कण्हत होती. आदल्या दिवसापासून. मी ओरडलेच, "बुधाजी, गाडी कावून नाही बोलावली?"

"आज बारा हाय न बाई." त्याने कार्ड पुढे केलं. "आपली तारीख अठराची. आज नेलं त वापस पाठवतीन. पोरीले अशा हालतीत दोनदा घाट उतरवू का?"

मी त्याला वाट्टेल ते बोलले. मग गाडी, घाट, अकोट. करिश्मा वाचली. बाळ रडलंच नाही.

तेव्हापासून माझं स्वतःशीच भांडण चाललंय. सकाळी वाटतं, चूक त्याची. दुपारी कार्डावरचं माझं अक्षर आठवतं. कळा आल्या की बाळ येतं, हे त्याला ठाऊक होतं. पण सरकारी दारात तारखेआधी कुणी उभं करत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. मग चुकलं कोण? मला खरंच कळत नाही.

अठराला उपकेंद्र उघडायला आले, तर बुधाजी पायरीवर बसलेला. धुतलेला सदरा, हातात तेच कार्ड.

"आज कसे काय आले, बुधाजी?"

"तारीख हाय न बाई. पोरीले उठवत नाही, म्हून मी आलो. चुकली त तिच्यावर वॉरंट निघन."

मला रडू आलं, रागही आला. कुणाचा, ते सांगता येईना. त्याने कार्ड माझ्यापुढे धरलं.

"हजेरी लिवा बाई. आन् पुढची तारीख द्या."