काढा, बाटली आणि विमलताई

विमलताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याच्या गाडीत बसले होते. तिचे यजमान, आमचे भाऊजी, एवढंच म्हणाले, "आता घाई नको करू…" खाली कंडक्टर 'अकोला, अकोला' ओरडत होता. मी खिडकीशी तशीच बसून राहिले.

ताई माझी थोरली बहीण. अकोल्याला शाळेत शिकवायची. वर्गात तिला कधी छडी घ्यावी लागली नाही, आवाजच पुरे. पण सकाळी दातांना तंबाखूची मिसरी लावल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. गेल्या वर्षी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दाताच्या डॉक्टरांनी हिरडी उघडून साफ केली, टाके घातले आणि चूळ भरायला औषधाची बाटली दिली. त्या औषधानं तिच्या जिभेची चव गेली, दात तपकिरी पडले. मग आईनं काढा करून चूळ भरायला माझ्या हाती बाभळीची साल आणि त्रिफळा पाठवला. भाऊजी भडकले, "जखमेवर झाडपाला? डॉक्टर काय येडे हायेत?" आईनं फोनवरून सुनावलं, "जवाईबापू, तुमच्या बाटलीनं पोरीले भाजीची चव कयेना झाली, अन् मलेच बोलून राहिले!" डॉक्टर म्हणाले, काढा गाळून, गार करून घ्या, चालेल, पण औषध सोडू नका. मग ताई सकाळी बाटलीची चूळ भरायची, संध्याकाळी काढ्याची. "दोघाईचं मन राह्यते," म्हणायची आणि हसताना तोंडावर पदर धरायची.

टाके निघाले. बाकीची हिरडी छान भरून आली, मागच्या दाढेजवळची जागा मात्र तशीच. भरलेल्या हिरडीचं श्रेय आई आणि भाऊजी दोघांनीही घेतलं, न भरलेल्या जागेचा दोष एकमेकांवर टाकला. तो वाद ताईनंच संपवला. आरशासमोर तोंड उघडून ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे चूळ भरून जाणारं नाही. मले मोठ्या दवाखान्यात दाखवा." तिथं तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला.

जबड्याचा एक भाग काढला, मग रेडिएशनचे लाईट दिले. तोंड बोटभरही उघडेना. चार भिंतींपार जाणारा तो आवाज उशीपाशीच विरायला लागला. एकदा मी जवळ बसले असताना तिनं एकेक शब्द जुळवला, "आईले सांग, काढ्यानं नाही झालं… तुह्या भाऊजीलेबी सांग, बाटलीनं नाही झालं… मिसरी मी लावली."

परवा पुन्हा अकोल्याला गेले. भाऊजी जेवायला बसले होते. वरण-भाकर मिक्सरमधून काढून पातळ केलेली, वाटीत. शेवटी शेवटी ताईला तेवढंच जायचं, आणि तिला एकटं वाटू नये म्हणून तेही तेच घेत. मी म्हटलं, "भाऊजी, ताजी भाकर टाकते ना."

"राहू दे," ते म्हणाले. "चावल्याचा आवाज येते घरात."

आणि त्यांनी वाटी तोंडाला लावली.