बुजलेला खड्डा

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमची ही सगळ्यांना सांगते. जेवण सोडून, असंही पुढे जोडते. आता कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान असलं की लोकांच्या खिशांतून त्यांचं आयुष्य आपणहून काउंटरवर येतं. एकट्याने बघितलेल्या सिनेमाची दोन तिकिटं येतात, पथ्यावर असलेल्या माणसाच्या कोटातून चॉकलेटचे कागद येतात. वाईट हेतूने मी कधी कुणाचं काही सांगितलं नाही. चांगल्या हेतूने मात्र सगळ्यांना सांगितलं.

असा मी. तरी शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्यांची एक गोष्ट मी पाच महिने तोंडातून बाहेर पडू दिली नाही. जी सांगायला हवी होती तीच नेमकी.

त्यांना मी भिंगराव म्हणायचो. साठी ओलांडलेला उंच, किडकिडीत माणूस, खांद्यात जरासा वाकलेला. दुकानात पुढे फ्रेमांची काचेची कपाटं आणि मागे अंधारी खोली. तिथे भिंतीवर उजेडाची पेटी, त्यावर वरून खाली बारीक होत जाणारी अक्षरं. कोपऱ्यात काचा घासायचं चाक, त्यावर थेंब थेंब पाणी ठिबकत असायचं. पस्तीस वर्षं ते त्या चाकापाशी बसले. गावातली निम्मी नाकं त्यांना मापासकट माहीत. मी नवीन दुकान टाकलं तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी ते म्हणाले होते, "तुझा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे. चष्मा लागला की माझ्याकडे ये, दुसरा कुणी नीट बसवणार नाही." चष्मा लागल्यावर कळलं, खरंच आहे.

आठवड्यातून एक दिवस दुकान बंद. त्या दिवशी सकाळी सहाला ते, वहिनी आणि मी सायकली काढून नदीकडे निघायचो. माझं कारण माझं पोट. त्यांचं कारण काहीच नव्हतं, आणि तेच मला आवडायचं. त्यांच्या सायकलीला घाई नावाचा भागच बसवलेला नव्हता. एकदा काठी टेकत जाणाऱ्या एक आजीबाई आम्हाला मागे टाकून गेल्या, आणि वळून हसल्यासुद्धा. नदीकाठच्या बागेतून खडीची ठोकून बसवलेली वाट जायची, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मोठी झाडं आणि बाकं. बाग संपली की एक लाकडी फाटक. त्यापलीकडे शेतांमधली मातीची वाट, कोबीचे वाफे, कांद्याच्या ओळी, पाटाचं पाणी. पुढे पाण्याच्या पंपाची विटांची खोली. तिच्या सावलीत थर्मास उघडायचा, बिस्किटं खायची आणि परत. सगळं मिळून तीन कोस नसतील, पण आम्ही सकाळ खर्च करायचो.

वहिनी पन्नाशीत सायकल शिकल्या. भिंगराव सीट धरून सगळ्या बागेभर त्यांच्या मागे धावले होते. त्यांच्यासाठी त्या सकाळचं मोल काय होतं हे मला माहीत आहे, कारण उरलेले सहा दिवस त्या दुकानात असायच्या, आणि अलीकडे दोन वर्षं तर चाकावरचं बारीक कामही त्याच करायच्या. भिंगराव म्हणायचे, माझा हात आता थरथरतो. आम्ही ऐकून घेतलं.

आमचा एक नियम होता. पुढच्याने वाट बघायची आणि ओरडून सांगायचं. "खड्डा, डावीकडे!" "कुत्रं!" "ओलं आहे!" मधल्याने तेच मागे पोचवायचं. पुढे कायम भिंगराव, मग वहिनी, शेवटी मी. नियमाचा खरा फायदा वहिनींनी उचलला होता. त्या जमिनीकडे बघायच्याच नाहीत.

"खाली बघायचं काम यांचं," त्या म्हणायच्या. "मी कोबी बघते."

थंडी नुकती सुरू झाली होती. बागेतल्या तिसऱ्या बाकापाशी भिंगराव ओरडले, "खड्डा, उजवीकडे!" वहिनींनी सवयीने ओरडून मला सांगितलं आणि डावीकडे वळल्या. मी बघतो तर उजवीकडे वाट तव्यासारखी सपाट. बागेच्या लोकांनी तो खड्डा दोन आठवड्यांपूर्वीच बुजवला होता.

"अहो भिंगराव, खड्डा मेला, आता सुतक तरी संपवा!" मी मागून ओरडलो. वहिनी हसून हसून सायकलवरून उतरल्या. भिंगरावही हसले, पण उशिरा.

एवढं खाद्य मिळाल्यावर मी काय गप्प बसतो? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. दूधवाला त्यांच्या दारात थांबून विचारता झाला, "काय साहेब, सापडला का खड्डा?"

संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला भिंगराव माझ्या काउंटरवर कोपरं टेकून उभे राहिले.

"ती खड्ड्याची गंमत आता पुरे कर."

"अहो, सहज आपलं..."

"मला समोरचं दिसत नाही," ते म्हणाले. ते माझ्या कानाकडे बघत बोलत होते. मला वाटलं, पुन्हा त्या वरखाली कानाचं काही काढताहेत. "कडेचं दिसतं. वाट दिसते, झाडं दिसतात. पण नेमकं जिकडे बघावं तिथे पुसल्यासारखं होतं. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तोंडाच्या जागी मळका डाग दिसतो."

"डाग काढायचं काम आमचंच," माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं. ते हसले नाहीत. मग मीही नाही.

"वहिनींना ठाऊक आहे?"

"दर सहा महिन्यांनी तीच मला त्या पेटीसमोर बसवते. शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हणतो. पस्तीस वर्षं लोक वाचताहेत आणि मी ऐकतोय. झोपेत म्हणेन."

सगळ्या गावाचे डोळे तपासणारं घर, आणि घरच्या माणसाची परीक्षा त्याला तोंडपाठ असलेल्या पुस्तकातून! वहिनींच्या डोक्यात ते कधी आलं नाही, कारण समोरचा माणूस फसवेल असं त्यांना वाटायचं कारणच नव्हतं.

"मग डॉक्टरकडे चला ना. मी येतो."

"गेलो की पहिलं सायकल बंद करतील. माझी बंद झाली की तीही नाही जायची, ओळखतोस तू तिला. काय आहे रे तिला दुसरं?" थोडा वेळ ते काउंटरवरच्या शर्टांच्या घड्या चाचपत राहिले. "उन्हाळ्यापर्यंत जाऊ दे. मी स्वतः सांगेन. तू तेवढा बोलू नकोस."

आता खरं सांगतो. मी हो म्हटलं ते दयेने नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर गुपिताचा भरवसा टाकला होता, आणि मी फुशारून गेलो. घरी गेल्यावर ही म्हणाली, "बरं नाही का? बोलत का नाही?" मी छाती काढून गप्प बसलो.

पुढच्या खेपेला मी म्हटलं, "आज मी पुढे होतो."

"तुम्ही?" वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही गप्पा मारायला मागे बघाल आणि आम्हाला ओळीने नदीत न्याल."

हे त्या बोलल्या आणि भिंगराव पुढे झाले. मी मागून मान उंच करून जमेल तेवढं बघायचो आणि खड्डे ओरडायचो. वहिनींना वाटायचं, मी त्यांच्या नवऱ्याची थट्टा करतोय. "पुरे हो आता, ती गंमत शिळी झाली," असं त्या म्हणायच्या. पाच महिने असं चाललं. काही झालं नाही. काही होत नाही म्हटल्यावर माणसाला वाटतं, होणारच नाही.

उन्हं तापायला लागली होती. फाटकाच्या पलीकडे कांद्याच्या शेतात पाणी सोडायला शेतकऱ्याने हाताच्या मनगटाएवढा काळा रबरी पाइप वाटेवरून आडवा टाकला होता. आदल्या आठवड्यात तो नव्हता. मी तेव्हा बिस्किटाचा पुडा दातांनी फोडत होतो. भिंगरावांची सायकल पाइपवरून दणका खाऊन उडाली, डुगडुगली आणि उभी राहिली. "अगं, थांब!" ते ओरडले. वहिनी दोन हात मागे होत्या आणि कोबी बघत होत्या. पाइपाशेजारच्या चिखलात त्यांचं पुढचं चाक सरकलं आणि त्या उजव्या हातावर पडल्या. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो मी अजून कुणाला करून दाखवलेला नाही.

शेतकऱ्याने आपल्या भाजीच्या टेंपोत बसवून आम्हाला हाडांच्या दवाखान्यात पोचवलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घालून झाल्यावर बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा पाइप, मी खाली बघितलं नाही. आता काचांच्या चाकावर कोण बसणार? अहो, तुमचा हात तर..."

"माझा हात थरथरत नाही," भिंगराव म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. खाली फरशीकडे बघत, एका आवाजात, मधे न थांबता सांगितलं. तीन वर्षांपासून. आधी डावा डोळा, मग उजवा. पेटीवरची अक्षरं. बुजलेला खड्डा.  त्यांचं सांगून झालं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मी विचारत होते ना तुम्हाला? दर सहा महिन्यांनी विचारत होते."

"हो."

"मी तुम्हाला शाबास म्हणायचे."

 वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

"पाच महिन्यांपासून," मी म्हटलं.

"सगळ्या जगाचं सांगत फिरता," त्या म्हणाल्या. "माझं तेवढं पोटात ठेवलंत."

दोन दिवसांनी डोळ्यांच्या इस्पितळात त्या दोघांना मीच घेऊन गेलो, कारण वहिनींना एका हाताने रिक्षात चढता येत नव्हतं. बोलणं नव्हतंच. डॉक्टरांनी अक्षरांच्या पेटीचा दिवा लावला तशा वहिनी म्हणाल्या, "यांना ते वाचायला सांगू नका. यांना ते पाठ आहे." डॉक्टरांनी यंत्रातून दोन्ही डोळे बराच वेळ बघितले. डावा गेला तो गेला. उजव्यात इंजेक्शनं देऊन उरलंसुरलं राखता येईल. थंडीत आला असतात तर, असं ते म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून कागदावर लिहायला लागले. ते वाक्य आता मी पुरं करत असतो, रोज, गिऱ्हाइकं नसताना.

वहिनींचं मनगट जुळलं, पण पुरतं वळत नाही. काचा आता दुसऱ्या कारखान्यातून घासून येतात. त्या फक्त बसवतात. कोपऱ्यातलं चाक कोरडं आहे. गल्लीत कुणी मला विचारलं, काय झालं हो त्यांचं, तर मी सगळं सांगतो, माझ्या वाट्याच्या पाच महिन्यांसकट. ही म्हणते, ते तरी गाळा. मी गाळत नाही.

तीन महिन्यांनी एका सुटीच्या सकाळी भिंगरावांनी माझं दार वाजवलं. मागे वहिनी सायकल धरून उभ्या होत्या, तोंड फुगवून.

"मी म्हणतेय, नाही जायचं मला एकटीला."

"आणि मी म्हणतोय, जा," ते म्हणाले. "खाली बघून चालव म्हणजे झालं."

"तुम्ही काय करणार?"

"बसेन याच्यासोबत. हा बोलेल. याला काय लागतं?"

भिंगरावांनी बोलायचं काम माझ्याकडे दिलं, आणि वहिनींनी माझ्याकडे बघून मान हलवली. 

बाग आम्ही तिघांनी चालत पार केली, सायकल हातात धरून. फाटकापाशी वहिनी थांबल्या. भिंगरावांनी फाटक चाचपून कडी काढली आणि उघडून धरलं. त्या बसल्या, डगमगल्या, सावरल्या आणि वाटेवर नजर ठेवून निघाल्या. आम्ही फाटकाशेजारच्या बाकावर टेकलो.

"कुठवर गेली?"

"कांद्यापर्यंत."

"हळू जातेय ना?"

"तुमच्यापेक्षाही हळू."

"आता?"

पंपाच्या खोलीकडची वाट वळते तिथे उंच पीक होतं. त्याच्या आड त्या गेल्या होत्या. चांगल्या हेतूने काहीतरी सांगावंसं वाटलं. तोंड उघडलंही होतं.

"आता मला दिसत नाहीत," मी म्हटलं.

ते मग उठले, फाटकाच्या खांबाला हात लावून दिशा घेतली आणि त्या मातीच्या वाटेने चालायला लागले. मीही उठलो.