पहिल्या पानावरचा झेंडू

"मॅडम, तुमी आमच्या मामाजीले हार घालून ठेवला."

फोनवर सविता होती. आवाज दाबून बोलत होती, म्हणजे घरात कुणीतरी जवळच असणार. मी दुकानात एका बारशाच्या अल्बमचे कोपरे गोल कापत बसले होते. मला आधी काही कळेचना.

"कसला हार?"

"पयल्या पानावर. पाहुण्यायसाठी चादरी काढाले आत्याबाईनं आलमारी उघडली, तं पुस्तक हाती लागलं. सकाळपासून माह्याशी बोलून नाई राहिल्या. परवा कार्यक्रम हाये, मॅडम."

मी तिला करून दिलेल्या पुस्तकाच्या त्या पानाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवला होता. तो उघडला. इतके दिवस ते पान मी टेबलावर, नाकासमोर धरून पाहिलं होतं. आता पहिल्यांदाच ते अंगठ्याएवढं दिसलं. आणि मी कटर खाली ठेवला.

मधोमध लंबगोल फोटो. म्हातारा माणूस नाही, तरुणच, पण जुना, तपकिरी झालेला, समोर बघणारा. त्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून खाली झोल घेऊन आलेली झेंडूची पट्टी. आपल्याकडे असा फोटो कुठे असतो आणि कुणाचा असतो, हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मला मात्र ते पंधरा दिवस दिसलं नव्हतं.

आता थोडं माझ्या धंद्याविषयी. गोंदियात आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो नवरा काढायचा, अल्बममध्ये लावायचं काम माझं. मोबाइल आले, लोकांनी फोटो काढणं दसपट केलं आणि छापणं बंद केलं. मग मी स्क्रॅपबुक करायला लागले. म्हणजे नुसते फोटो चिकटवायचे नाहीत, एकेक पान रचायचं. त्याला लेआउट म्हणतात. लेआउटला तीन गोष्टी लागतात. एक, स्केच, म्हणजे पेन्सिलीने काढलेला पानाचा नकाशा. फोटो इथे, कागदाची पट्टी तिथे, मजकूर खाली. दोन, डिझाइनचे कागद. आणि तीन, त्या माणसाच्या आठवणी. पहिल्या दोन गोष्टी माझ्याकडे असतात. तिसरी गिऱ्हाइकाने आणायची.

सविता ती चार महिने आणत होती. नवेगाव बांधजवळच्या एका खेड्यात ती अंगणवाडी सेविका आहे. तिचे सासरे गोविंदा डोंगरवार, ज्यांना ती मामाजी म्हणते, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर चौकीदार होते. धानाला पाणी सोडायचं, कुणाच्या बांधीत आधी आणि कुणाच्या नंतर यावरून शिव्या खायच्या, अशी सगळी नोकरी. त्यांची पंचाहत्तरी होती. आदल्या हिवाळ्यात नागपूरला नेऊन त्यांच्या हृदयात स्टेंट टाकले होते, त्यामुळे घरातल्यांना ही पंचाहत्तरी जरा जास्तच मोलाची वाटत होती.

सविताने नातेवाइकांच्या पेट्या धुंडाळून, कुणाला कळू न देता फोटो जमवले. मी स्कॅन करायचे आणि ती परत नेऊन ठेवायची. पहिल्याच भेटीत तिने मला सासूबद्दल सांगितलं होतं, "आत्याबाईले वाटते, मी रजिस्टरं लिवत फिरते, माहं घरात ध्यान नाई. हे एक काम तरी माह्या हातून धड होऊ द्या."

आणि मी ते असं धड केलं होतं.

झेंडू कुठून आला तेही सांगते. मामाजी दरवर्षी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झेंडू लावतात आणि दसऱ्याला गावभर फुकट वाटतात, असं सविता बोलता बोलता म्हणाली होती. मी ते वहीत टिपून घेतलं. त्याच आठवड्यात आमचा कागदवाला म्हणाला, "मॅडम, गेंदेवाला नया माल आया है, एकदम असली लगता है." खरंच असली वाटत होता. मी खूश. एकेक फूल कडेने कापून पट्टी केली. कापताना स्वतःचीच पाठ थोपटत होते, की बघा, आठवण कशी बरोबर पकडली. सविताला मी फक्त स्केच पाठवलं होतं. त्यात एक लंबगोल आणि एक वाकडी रेघ. तिने 'छान' म्हणून कळवलं. आणि पुस्तक हाती आल्यावर बिचारीने गडबडीत मधली पानं चाळून ते आलमारीत लपवलं होतं.

"पान बदलून देते," मी फोनवर म्हटलं.

"तुमीच या मॅडम. मी सांगितलं तं कोनी आयकून नाई राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बल्लारशाची गाडी धरली. पिशवीत कटर, मॅट, दोन्हीकडून चिकटणारी टेप, कागदाची फाइल आणि वाढदिवसाच्या कार्यक्रमांना नेते तो छोटा फोटो प्रिंटर. एक शहाणपण मी आधीच केलं होतं. पुस्तकाला स्क्रूची बांधणी होती, त्यामुळे एक पान काढलं तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. बाकी शहाणपणाचा त्या दिवशी खडखडाटच होता.

धान कापून झालं होतं. अंगणापलीकडे पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे ढीग, रचलेले होते. आत्याबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर केली नाही.

"काऊन आली वो तू?"

"पान बदलायला आले."

"पान बदलून काय होते? पाह्यलं ते पाह्यलं." त्यांनी सुपातला एक खडा बाहेर फेकला. "चार महिने हेच करून राहिली होती माही सून? लोकायच्या घरून फोटो मांगू मांगू आनले, अन् जित्या मानसाले हार घातला. मांगच्या सालीच दवाखान्यातून घरी आनलं त्यायले."

सविता दाराच्या चौकटीत उभी होती. काल रडली होती हे दिसत होतं. मी पिशवीतून स्केच काढून आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"सविताने एवढंच पाहिलं होतं. बघा."

त्यांनी कागद उलटसुलट केला. "याच्यात तं काहीच नाई. रेघोट्या हायेत."

"तेच सांगते आहे. फुलं मी लावली, तिने नाही. चूक माझी आहे. शिव्या मला द्या, गोंदियाहून त्याच खायला आले आहे."

त्यांनी दिल्या नाहीत. कागद बघत राहिल्या. मग मान न वळवताच म्हणाल्या, "च्या मांड वो, बाई गाडीनं आली."

हे सविताला होतं. कालपासूनचं पहिलं वाक्य. ती आत पळाली.

चहा यायच्या आत मामाजी आले. त्यांना काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण एवढ्याशा घरात बायका दोन दिवस बोलत नाहीत आणि पुरुषाला कळत नाही, असं होत नाही. ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"दाखवा, काय भानगड हाये ते."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या सुपात बघत होत्या. मी पुस्तक दिलं.

चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी ते हात लांब करून धरलं. बराच वेळ पाहिलं. स्टेंट टाकलेल्या माणसाला मी त्याचाच हार घातलेला फोटो दाखवत होते.

"फोटो कुठचा होय?"

"तुमच्या नोकरीच्या ओळखपत्राचा," चहा घेऊन आलेली सविता म्हणाली. "पेटीत होता मामाजी."

"अन् झेंडू माह्या धुऱ्यावरचा?"

"त्यावरूनच सुचला," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"मस्त दिसून राहिलो," ते म्हणाले.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "लाज नाई वाटत बोलाले?"

"लाज कायची? दादा गेला तवा काय झालं, आठवते का? एक फोटो सापडे नाई. मंग मतदान कार्डाचा मोठा करून आनला. तवापासून भितीवरून चोरावानी पाहून राहिला तो मानूस. इतका देखना भाऊ माहा." त्यांनी पुस्तक माझ्याकडे दिलं. "मले तसा नोको. हे पान फेकू नोका मॅडम."

"ह्या घरात नाई राहाचं ते," आत्याबाई म्हणाल्या.

"मंग मॅडमजवळ राहू द्या. लागंन तवा मांगवू."

सविताने कपबशा ओसरीवर ठेवल्या. मी पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागले. तो वरच होता, तरी शोधत राहिले.

पान सुटलं. कागदात गुंडाळून मी ते फाइलमध्ये ठेवलं. आता पुस्तकाला पहिलं पान नव्हतं. तेव्हा मी मामाजींना विचारलं, "पहिल्या पानावर काय लावू?"

विचारताना माझ्या लक्षात आलं, की चार महिन्यांत हा प्रश्न मी सविताला शंभर वेळा विचारला होता. ज्यांचं पुस्तक, त्यांना एकदाही नाही. आश्चर्याचा धक्का द्यायच्या नादात हे राहूनच गेलं.

त्यांनी डोकं खाजवलं. "हिचा अन् माहा, दोघाचाच फोटो हाये का त्याच्यात?"

मी आठवून पाहिलं. सविताने पाहिलं. पुस्तकभर फोटो होते. दोघांच्या मध्ये कुठे पोरगा, कुठे नातू, कुठे लग्नातली वऱ्हाडी. दोघांचाच एकही नव्हता. एवढी पानं रचून मला ते खटकलं नव्हतं.

"ह्या वयात फोटो कायले?" आत्याबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

संपलं, असं मला वाटलं. चहा पिऊन झाला, तशा त्या बाहेर आल्या. लुगडं बदललं होतं. केस विंचरलेले होते. कुणाकडे न बघता त्या शेताच्या वाटेला लागल्या.

धुऱ्यावर झेंडू अजून उभा होता. दसरा-दिवाळीची तोड झाल्यावर राहिलेली फुलं, बारीक पण भरपूर. दोघं मागे उभे राहिले, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. फोटो मी काढणार होते. मग मोबाइल सविताच्या हातात दिला.

"आत्याबाई, जराशा सरका मामाजीकडं."

"सरकली तं," त्या जागची न हलता म्हणाल्या. मामाजीच सरकले. सविताने तेवढ्यात बटण दाबलं.

ओसरीवर बसून मी फोटो छापला आणि नवं पान रचायला घेतलं. आमच्या कामात एक जुनी युक्ती आहे. स्केच अडलं, की ते फिरवून बघायचं. मी तेच स्केच उलटं केलं, वरचा भाग खाली. वरून झोल घेऊन येणारी पट्टी आता पानाच्या तळाला गेली आणि बांधासारखी उंचवटा होऊन बसली. कागद तोच, फुलं तीच, फक्त गळ्याशी नव्हती, पायाशी होती. आणि या वेळी चिकटवायच्या आधी मी पान भिंतीला टेकवलं आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. आत्याबाईंनाही बोलावलं.

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "धुराच होय हा."

मी टेपचा कागद सोलला.

कार्यक्रमाला मी थांबले नाही. सोमवारी सविताचा फोन आला. आवाज दाबलेला नव्हता. आत्याबाईंनी दिवसभर पुस्तक मांडीवरून खाली ठेवलं नाही म्हणे. येईल त्याला आधी हात धुवायला लावत होत्या आणि पानं स्वतः उलटत होत्या. पहिल्या पानावर थांबून सांगत होत्या, "हा फोटो माह्या सुनेनं काढला."

काढलेलं पान माझ्या दुकानातल्या लोखंडी कपाटात राहिलं, पाकिटात, वर नाव लिहून. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत हाती लागायचं. मी धूळ पुसून पुन्हा आत ठेवायचे. अजून इथेच आहे, म्हणून बरं वाटायचं.

तीन वर्षांनी सविताचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, ते पान."

मी ते काचेच्या फ्रेममध्ये बसवून घेतलं आणि पुन्हा तीच गाडी धरली. तेराव्याला ओसरीवर पाट मांडून त्यावर फोटो ठेवला होता. तरुण, समोर बघणारा, मस्त दिसणारा. जवळच त्यांचं पंचाहत्तरीचं पुस्तक, त्याचे कोपरे आता मऊ पडलेले. गावातला कुणीतरी झेंडूचा ताजा हार घेऊन आला आणि फोटोला घालायला वाकला. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"राहू दे गा," त्या म्हणाल्या. "त्यायनं आपला निवडून ठेवला हाये."

त्याने हार पाटाजवळ ठेवला. सविताने आत्याबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांनी तो राहू दिला.

आता मी कुठलंही पान चिकटवण्याआधी दुकानाच्या दारात जाऊन लांबून बघते, आणि ज्याचं पुस्तक त्यालाच, आश्चर्याची वाट लागली तरी चालेल, एकदा विचारून घेते. बाकी माझ्या धंद्यात माल उशिरा दिल्याच्या तक्रारी नेहमीच्याच. लवकर दिल्याची, तीही तीन वर्षं आधी, तेवढी ही एकच.