नियमबुवा आत बसले

ठाण्यात आमच्या ह्यांना सगळे नियमबुवा म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नाही. हे कोठडीचे पहारेकरी. प्रवासात वाटेत थांबणारे कैदी ह्यांच्या ताब्यात. कुणाला कुठं ठेवायचं, पाणी कधी द्यायचं, सगळं तोंडपाठ. घरीही तेच. मांजर आणि दुधाचं पातेलं एका खोलीत दिसलं की माझी खैर नाही. मी अगदी विटले होते.

त्या दुपारी डबा घेऊन गेले, तर हे स्वतःच गजाआड! समोर एक दांडगा कैदी, पाठीमागे कोपऱ्यात चिकटलेला एक किडकिडीत, आणि मधे हे मांडी घालून. पट्टा, काठी बाहेर टेबलावर.

"अहो, हे काय?"

"ओरडू नकोस. डबा दे."

दारावरच्या शिपायानं हळूच सांगितलं. कोर्टात नेताना गाडी बंद पडलेली. दोघं एकाच खुनातले, आणि किडकिडीत उद्या दांडग्याविरुद्ध साक्ष देणार. असे दोघं एकत्र ठेवायचे नाहीत. पण दुसऱ्या कोठडीचं दार दुरुस्तीला गेलेलं. त्यांना घेऊन आलेला फौजदार म्हणाला, "तासाभरात काय होतंय? टाक एकत्र. बाहेर ठेवलास आणि पळाला, तर तुझी नोकरी गेली." हे म्हणाले, "मग किल्ली तुम्ही ठेवा, साहेब." आणि आत जाऊन बसले. आत हातकड्या काढायच्या, हाही ह्यांचा नियमच!

मी गजांतून डबा आत सरकवला. ह्यांनी डब्यातला चमचा आधी मला परत दिला. मग जेवणाचे तीन वाटे केले, पहिला दांडग्याला.

"माझ्या हातचं ह्याला?"

"उपाशी ठेवायचं नाही कुणालाच."

दांडग्यानं जेवण बाजूला सारलं आणि गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत पुढे सरकला. "वहिनी, ह्यांना उठायला सांगा. घरसंसार आहे ना तुमचा?"

मी फौजदाराकडे धावले. "साहेब, दार उघडा!"

"उघडायचं नाही," आतून हेच म्हणाले. "गाडी येईपर्यंत कुणीच नाही."

काय करणार? गजांसमोर फतकल मारून बसले आणि दांडग्यावर डोळे रोखले. उठले नाही. ह्यांनी शांतपणे घास चावला. दांडगा नुसता बघत राहिला.

गाडी आली. आधी दांडग्याला नेलं, मग दुसऱ्याला.

घरी ह्यांनी सदरा काढला. पाठीवर कमरेपाशी कापड मुठीएवढं चुरगळलं होतं, घामानं ओलं. त्या किडकिडीत माणसानं सगळा वेळ तिथं धरून ठेवलं होतं. ह्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साक्ष झाल्याचं कळलं. सदरा धुऊन इस्त्रीला घेतला, पण त्या चुण्यांपाशी हात चालेना. रडू आलं, रडले. मग उठून मांजराला स्वयंपाकघराबाहेर काढलं आणि दाराला कडी लावली.